बंजारा भरतकाम

बंजारा भरतकाम : बंजारा समाजातील स्त्रिया जाड सुती कापडावर रंगीत दोरा, आरशांचे तुकडे, कवड्या, ठिगळांचे जोडकाम आणि गोंडे यांच्या साहाय्याने करीत आलेले परंपरागत सूचिकाम. हा समाज लमाण, लमाणी, लंबाडी अशा निरनिराळ्या प्रादेशिक नावांनी ओळखला जातो. तो स्वतःस ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणवितो आणि त्याच्या बोलीस गोरबोली असे नाव आहे. परंपरेने तो आपले मूळ राजस्थानात मानतो. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करीत तो दख्खनभर पसरला. महाराष्ट्रात त्याची मोठी वस्ती यवतमाळ, वाशीम, नांदेड इ. जिल्ह्यांत असून चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, विशेषेकरून राजुरा, कोरपना व जिवती या तालुक्यांत, तांडे आहेत. या समाजाजवळ दप्तरे, सनदा वा वंशावळी यांसारखी लेखी साधने अत्यल्प आहेत. जी आहेत त्यांतील बहुतेक इतरांनी, म्हणजे प्रवाशांनी, सेनाधिकाऱ्यांनी व महसुली अंमलदारांनी लिहिलेली आहेत. त्यांत बैलांची संख्या व मालाची वजने आढळतात. तांड्यातील स्त्रियांचे जीवन मात्र क्वचितच आढळते. म्हणून स्त्रियांच्या हातचे हे भरतकाम शोभेची कला एवढ्यापुरतेच मर्यादित न राहता एका फिरत्या समाजाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन भारतात चाकाच्या गाड्यांना चालण्याजोगे रस्ते फार थोडे होते. अवजड माल दूरवर न्यावयाचा तर तो पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांवरूनच न्यावा लागे आणि हा व्यवसाय मुख्यतः बंजाऱ्यांच्या हाती होता. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने १६३२ मध्ये उत्तर भारतात धान्य लादलेल्या सु. १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये यानेही सतराव्या शतकात धान्य, तांदूळ, कडधान्ये व मीठ वाहणाऱ्या अशा फिरत्या समूहांचे वर्णन केले असून ते कुटुंबांसह तंबूंत राहत असे म्हटले आहे. मोगल सैन्य दक्षिणेत उतरले, तेव्हा त्याच्या रसदीची भिस्त या तांड्यांवरच होती. पुढे १८०३ च्या इंग्रज–मराठे युद्धात आर्थर वेलस्लीनेही धान्यपुरवठ्यासाठी त्यांचाच आधार घेतला. युद्ध कोणाचेही असो, धान्य पोहोचविणारा सामान्यतः दोन्ही पक्षांना हवा असे. त्यामुळे तांड्याला बहुधा अभय मिळे.

तांडा म्हणजे केवळ व्यापारी काफिला नव्हे, तर ते एक चालते गाव असे. नायक हा त्याचा प्रमुख. स्त्रिया, मुले, वृद्ध, गुरे व सर्व चीजवस्तू त्यात असत. ज्याला घराची भिंत नाही, त्याला चित्रांकित भिंतही नसते. कोरीव दरवाजा किंवा लाकडी पेटारा बाळगणेही त्यास परवडत नाही. जे काही सुंदर करावयाचे, ते अंगावर घालता आले पाहिजे, बैलावर लादता आले पाहिजे आणि घडी करून उचलता आले पाहिजे. बंजारा भरतकामाचे स्वरूप या एका गरजेतून बव्हंशी स्पष्ट होते.

चांदा प्रदेशातील मार्ग : आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात मोडत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन करून अस्तित्वात आला. या प्रदेशावर १७५१ पर्यंत गोंड राजांचा, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा व १८५४ पासून ब्रिटिशांचा अंमल होता. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांतील या घनदाट वनात मीठ पिकत नाही. पूर्व किनाऱ्यावरील मीठ गोदावरीच्या खोऱ्यातून वर यावयाचे आणि वऱ्हाड–नागपूरकडील कापूस खाली जावयाचा, अशी ये-जा बंजाऱ्यांच्या बैलांवरून चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोदावरी नौकानयनास योग्य करण्याच्या ज्या योजना पुढे आल्या, त्यांमागे हाच व्यापार जलमार्गाने वळविण्याचा हेतू होता. वऱ्हाडचा कापूस उत्तरेस मिर्झापूरपर्यंतही बैलांच्या पाठीवरून जात असे.

वनातील गोंड, माडिया व कोलाम यांच्याशी तांड्यांचा संबंध प्रामुख्याने विनिमयाचा होता. माडिया व गोंड स्त्रियांच्या सौंदर्यदृष्टीचा आविष्कार गोंदण, मण्यांच्या माळा व धातूचे अलंकार यांतून होतो. कापड त्या विणकरांकडून घेत आणि त्यावर भरतकाम करण्याची विशेष परंपरा त्यांच्यात नाही. सुईदोऱ्याची समृद्ध परंपरा या वनप्रदेशात आली ती मुख्यतः बाहेरून, वाटसरूंबरोबर. बस्तरच्या बाजूस माडियांच्या गवाशिंगी शिरोभूषणास कवड्यांच्या झालरी लावलेल्या दिसतात. समुद्रातील ही वस्तू किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या रानात दिसते, यावरून व्यापारमार्गांची व्याप्ती ध्यानात येते.

साहित्य व तंत्र : भरतकामाचा आधार हातमागावरचे जाडेभरडे सुती कापड हा असे. नागपूर प्रांतात असे कापड मुख्यत्वे महार विणकर विणीत. कोष्टी हे तलम वस्त्रासाठी प्रसिद्ध होते. आधारवस्त्र सामान्यतः गडद निळे, तांबडे वा तपकिरी असे. निळा रंग निळीपासून, तर तांबडा आल या झाडाच्या मुळांपासून अथवा मंजिष्ठेपासून काढला जाई. पिशव्या, रुमाल व बैलांची साजे यांसाठी कापडाचे दोन-तीन थर एकावर एक ठेवून ते धावदोऱ्याने दाट शिवले जात. त्यामुळे वस्तूला बळकटी येई व पुढील भरतकामास टणक पाया मिळे. जीर्ण कपड्यांचे तुकडे आतल्या थरांसाठी वापरीत. टाकाऊ असे काही उरत नसे.

टाक्यांत धावदोरा, बखिया, साखळी, फुलीचा टाका व मच्छीटाका हे मुख्य होत. आरशाचा तुकडा कापडावर चिकटवीत नाहीत. त्याभोवती दोऱ्याची चौकट बांधून ती काजाच्या टाक्याने घट्ट धरतात. पुष्कळ नमुन्यांत कापडावर आकृती आधी रेखाटलेली नसते. ताण्याबाण्याचे धागे मोजून टाका घेतला जातो, म्हणजे मोजणी हेच रेखांकन असते. अशा कामास लेखी नमुन्याची गरज नसते. स्मरणशक्ती, नजर व आईच्या किंवा आजीच्या हाताकडे पाहत घालविलेला काळ पुरेसा होतो. कर्नाटकातील संडूर येथील परंपरेत किलन, वेले, माकी, रेलो, भुरिया, जोळ्या, नाकरा इ. टाक्यांना स्वतंत्र नावे असून त्यांची संख्या सामान्यतः चौदा सांगतात. कडेची सजावट हे या कामाचे खास वैशिष्ट्य आहे. तांबड्या-पांढऱ्या ठिगळांच्या त्रिकोणी रांगा, कवड्या आणि लोकरी वा सुती गोंडे यांनी वस्तूची कड बांधून घेतली जाते. जिथे कापड प्रथम झिजते, तिथेच सजावट सर्वांत जाड असते. तेथे अलंकरण व मजबुती ही दोन्ही कार्ये एकाच टाक्याने साधलेली असतात.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत नद्यांना पूर येत व बैलांची वाटचाल थांबे. तेव्हा तांडे चाऱ्याची सोय पाहून एखाद्या माळावर मुक्काम करीत. एरवी पाणी, सरपण, स्वयंपाक व गुरे यांत गुंतलेल्या स्त्रियांना लांब पल्ल्याच्या सूचिकामास या मुक्कामात अधिक सवड मिळे.

वस्तुप्रकार : भरतकाम केलेल्या वस्तूंचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग वेशभूषेचा. स्त्रियांच्या पारंपरिक वेशात फेटिया (घेरदार घागरा), काचळी (पाठीवर नाड्यांनी बांधण्याची चोळी) आणि छांटिया (ओढणी) ही वस्त्रे येतात. काचळीच्या पुढील भागावर आरशांचे चौकोन बसवितात. ओढणीचा जो भाग कपाळावर येतो, त्यावर ‘घुंगटो’ ही भरजरी पट्टी असते. घागऱ्याचा कमरेचा पट्टा भरतकामाने ताठ केलेला असतो. या वेशाबरोबर केसांत गुंफावयाच्या घुगरी व टोपली, गळ्यात हांसली आणि दंडापर्यंत चुडा असे अलंकार असतात. चुडा पूर्वी हस्तिदंती असे. नंतर हाड, लाख व प्लॅस्टिक यांनी त्याची जागा घेतली.

दुसरा वर्ग वाहून नेण्याच्या व झाकण्याच्या वस्तूंचा. सुपारी, पैसे व किरकोळ चीजा ठेवण्याच्या कोथळ्या, चौकोनी कापडाची टोके आत दुमडून शिवलेल्या लिफाफ्यासारख्या पिशव्या आणि चौरस रुमाल हे त्यांतील प्रमुख. डोक्यावर घडा ठेवण्याच्या चुंबळीस ‘फुलिया’ व तिच्यामागे मानेवर रुळणाऱ्या चौकोनी वस्त्रास ‘गणो’ म्हणतात. फुलिया व गणो यांवरील काम बहुधा सर्वांत बारीक असते. पाणी आणणारी स्त्री पाठमोरी चालली, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेस प्रथम गणोच येतो, हे त्याचे एक कारण असावे.

तिसरा वर्ग बैलांच्या साजाचा. झुली, शिंगांची आवरणे व कपाळपट्ट्या यांवर कवड्या, आरसे व गोंडे लावीत. आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात (१९१६) बालाजीस वाहिलेल्या ‘हातडिया’ बैलाचे वर्णन आहे. त्यावर ओझे लादीत नसत. तांबड्या रेशमी फिती, घंटा, पितळी साखळ्या व कवड्यांच्या माळा यांनी तो सजविलेला असे. आजारी माणसास त्याच्या पायांशी ठेवण्याची प्रथाही होती. ज्या प्राण्यावर साऱ्या तांड्याचा चरितार्थ अवलंबून होता, त्याला माणसाइतकेच नटविण्यात आले, हे येथे लक्षणीय आहे. संत सेवालाल महाराजांच्या (जन्म १७३९) कथांतही त्यांच्या ‘गराशा’ या बैलास मानाचे स्थान आहे.

आकृतिबंध व प्रादेशिक शैली : आकृती मुख्यत्वे भौमितिक असतात. चौकोनात चौकोन, तिरपे छेद, शंकरपाळी, नागमोडी रेषा व पाकळ्यांत विभागलेले फूल हे त्यांतील मुख्य घटक होत. फूल येते तेही निसर्गातील फुलाच्या अनुकरणातून नव्हे, तर चौकोनाच्या विभागणीतून येते. मनुष्याकृती व प्राणी क्वचितच दिसतात. ढोबळ मानाने दोन शैली मानता येतात. खानदेश, वऱ्हाड व निमाड या पट्ट्यात धागे मोजून केलेले दाट व बारीक काम आढळते; पिवळा, तांबडा व पांढरा दोरा त्यात प्रमुख असून आरशांचा वापर कमी असतो. कर्नाटक व तेलंगण या दक्षिणेकडील भागांत आरसे, कवड्या, नाणी व ठिगळकाम यांचा सढळ उपयोग आणि ठळक रंगसंगती दिसते. चंद्रपूरचा दक्षिण भाग या दोन क्षेत्रांच्या सीमेवर येतो. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाला. तीन वर्षांत दोनदा झालेल्या या प्रशासकीय बदलाशी तांड्यांच्या सोयरिकींचा काही संबंध नव्हता. त्या पूर्वीप्रमाणेच सीमेच्या दोन्ही बाजूंस होत राहिल्या आणि सोयरिकींबरोबर वस्त्रेही ये-जा करीत राहिली.

सांस्कृतिक अर्थ : बंजारा स्त्रीच्या आयुष्यातील प्रत्येक स्थित्यंतराशी भरतकामाचा संबंध येतो. मुलगी लहानपणीच सुई हाती धरी व आई, आजी, काकी यांच्या देखरेखीखाली आपल्या लग्नाची वस्त्रे तयार करी. विवाहापूर्वी वधूस ‘ढावलो’ ही विलापगीते शिकविली जात. पाठवणीच्या वेळी सजविलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून ती ‘हवेली’ गाऊन माहेरचा निरोप घेई. या प्रसंगी तिच्या अंगावर, तिच्या पिशवीत व तिच्या पायाखालील बैलाच्या झुलीवर माहेरच्या स्त्रियांच्या हातचे टाके असत. पुढे तिचा तांडा कोणत्या वाटेने जाईल आणि माहेरच्या तांड्याशी पुन्हा गाठ केव्हा पडेल, याचा नेम नसे. अशा स्थितीत हे कापड हीच तिच्याजवळची माहेरची खूण होती.

विवाहित स्त्रीचा वेश व अलंकार अविवाहित मुलीहून वेगळे असत. वैधव्य आल्यावर अलंकार व भडक भरतकाम वर्ज्य करण्याची रूढी होती. म्हणजे हा वेश स्त्रीचा सामाजिक दर्जा न बोलता सांगे. या सांगण्यात गौरव होता, तसा जाचही होता. श्रावणातील तीज हा अविवाहित मुलींचा उत्सव असून त्यात नऊ दिवस टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवितात. होळीस लेंगीगीते गात फेर धरतात. या दोन्ही प्रसंगी पारंपरिक वेश आवर्जून घातला जातो. आरशांमुळे दृष्ट परतते, अशी श्रद्धाही आढळते. मात्र रानावनात दुरून चमकणारा पोशाख परस्परांना ओळखण्यासही उपयोगी पडे.

फुलकारीशी तुलना : भारतातील स्त्रियांच्या गृहनिर्मित भरतकामांत पंजाबची फुलकारी सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्या दोहोंत काही लक्षणीय साम्ये आहेत. दोन्ही प्रकारांत जाड सुती कापड वापरतात; दोन्हींत धागे मोजून काम करण्याची पद्धत आहे आणि दोन्ही प्रकार मुळात विक्रीसाठी नसून लेकीसुनांसाठी होते. फुलकारीत पीळ न दिलेल्या रेशमी धाग्याने कापडाच्या मागील बाजूने टाके घेतात. संपूर्ण वस्त्र भरून टाकले, म्हणजे त्यास ‘बाग’ असे नाव पडते. ‘चोप’ ही विवाहातील चादर आजोळच्या स्त्रिया तयार करीत. तथापि दोहोंतील भेद अधिक उद्बोधक आहे. फुलकारी ही स्थिर शेतकरी समाजाची कला होय. रेशमाचे सुटे धागे सहज अडकतात व झिजतात. असे वस्त्र प्रसंगी काढावे आणि पुन्हा पेटीत जपून ठेवावे, हे घर असणाऱ्यांनाच शक्य असते. बंजारा काम पीळदार सुती दोऱ्याचे, थर शिवून टणक केलेले व कडेने बांधलेले असते, कारण ते रोज उचलले जाई, लादले जाई व पावसापाण्यात भिजे. एक वस्त्र घरात सांभाळण्यासाठी घडले, तर दुसरे वाटेवर टिकण्यासाठी. फुलकारीच्या वाट्यालाही स्थलांतर आले, ते १९४७ च्या फाळणीत. त्या वेळी निर्वासित कुटुंबांनी जवळ बाळगलेल्या फुलकाऱ्या गेलेल्या घराची आठवण ठरल्या. बंजारा स्त्रीच्या बाबतीत मात्र वस्त्र आणि स्थलांतर यांची सांगड पहिल्यापासूनच होती.

ऱ्हासाची कारणे : बंजारा भरतकामाच्या ऱ्हासास एकच एक कारण देता येत नाही. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० च्या दशकात कोळशाच्या खाणींमुळे तो वर्ध्याहून वरोड्यापर्यंत आला आणि १९२९ मध्ये बल्लारशा–काझीपेट मार्ग पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास हा थेट रस्ता खुला झाला. बैलांच्या पाठीवरची दूरची वाहतूक त्यामुळे संपुष्टात आली. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव होऊन मुक्त चराई आक्रसली. ज्या तांड्यापाशी हजारो बैल, त्याला हा आघात लोहमार्गाइतकाच जबर होता. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला होता आणि काही प्रांतांत बंजारा गटांची नोंद त्याखाली झाली. एकेकाळी सैन्याने ज्यांना अभय दिले, त्यांच्याच फिरण्याकडे आता संशयाने पाहिले जाऊ लागले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन या जमाती विमुक्त मानल्या गेल्या. परंतु दरम्यान दोन-तीन पिढ्यांचा काळ लोटला होता.

या घडामोडींचा परिणाम वस्तूंवर स्पष्टपणे उमटला. प्रथम बैलांचा साज नाहीसा झाला. नंतर वाहून नेण्याच्या पिशव्यांचे प्रयोजन उरले नाही. कृत्रिम तांबडा रंग १८६९ नंतर व कृत्रिम नीळ १८९७ नंतर बाजारात आली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाची जागा हळूहळू गिरणीच्या कापडाने घेतली. गिरणीच्या दाट विणीत धागे मोजणे अवघड असल्याने मोजणीचे बारीक काम मागे पडले. त्याऐवजी आरसे, तयार फिती व चकचकीत टिकल्या यांचे प्रमाण वाढले. जुन्या वस्त्राचा काळ ठरविताना अभ्यासकांना रंग, विणीची दाटी व दोऱ्याचा प्रकार या गोष्टी म्हणूनच उपयोगी पडतात. शेवटी उरला तो स्त्रियांचा वेश. शेतमजुरी, ऊसतोड, बांधकाम इ. कामांत जड घागरा गैरसोयीचा ठरला. शाळा व बाजार या ठिकाणी होणारी हेटाळणीही त्यास कारण झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुण स्त्रियांनी साडी स्वीकारली आणि पूर्ण पारंपरिक वेश वृद्ध स्त्रियांपुरता व सणासमारंभापुरता उरला.

माणिकगड परिसरातील तांडे : चंद्रपूरच्या दक्षिणेस माणिकगडच्या डोंगरपठारावर जिवती हा तालुका आहे. कोलाम व गोंड हे तेथील जुने रहिवासी होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, मराठवाड्यातून अनेक बंजारा कुटुंबे शेतीसाठी या पठारावर आली. त्यांनी तांडे वसविले आणि कापूस, ज्वारी, तूर यांची लागवड केली. या कुटुंबांबरोबर दख्खनी धाटणीच्या काचळ्या व फेटिये वनप्रदेशात आले.

येथे भरतकामाच्या प्रश्नास एक वेगळेच परिमाण प्राप्त होते. महाराष्ट्रात बंजारा हे विमुक्त जातींत गणले जातात, तर १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर सीमेपलीकडील तेलंगणातील लंबाडी अनुसूचित जमातींत मोडतात. म्हणजे एकाच घराण्यातील, एकच बोली बोलणाऱ्या व एकच काचळी घालणाऱ्या दोन बहिणींची गणना राज्यसीमेमुळे दोन भिन्न वर्गांत होते. वनहक्क कायद्यानुसार (२००६) अनुसूचित जमातींत नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वनातील वस्ती सिद्ध करावी लागते. ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेच नाहीत व ज्यांच्याजवळ कागद नव्हता, त्यांना ही अट पार करणे दुर्घट आहे. २०२५ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या जुन्या गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा, अशी मागणी महाराष्ट्रातील बंजारा समाजाने मोर्चे काढून केली. या मागणीस सीमेपलीकडील व अनुसूचित जमातींतील इतर अनेक घटकांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने ती वादग्रस्त आहे आणि तिचा निर्णय येथील विषयाच्या कक्षेत येत नाही. जुन्या काचळीने जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही, हेही उघड आहे. तथापि आपण कोण व कोठून आलो, हे सांगण्यासाठी ज्या समाजास इतरांनी लिहिलेली पाने धुंडाळावी लागतात, त्याच्या घरातील स्वतःच्या हातची साधने नोंदीवाचून नष्ट व्हावीत, हे चिंतनीय आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : संघटित प्रयत्नांत कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर येथील कार्य अग्रगण्य आहे. तेथील संडूर कुशल कला केंद्रात लंबाणी स्त्रिया भरतकामाच्या वस्तू विक्रीसाठी तयार करतात. ‘संडूर लंबाणी भरतकाम’ यास भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० परिषदेच्या निमित्ताने लंबाणी भरतकामाच्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन मांडण्यात येऊन त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. महाराष्ट्रात वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी या समाजाच्या तीर्थक्षेत्री बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.

विक्रीमुळे स्त्रियांना मिळकत होते व टाके विस्मृतीत जात नाहीत, हा लाभ निर्विवाद आहे. मात्र बाजारासाठी केलेल्या कामाचा वेळ मोजला जातो आणि मागणीनुसार रंग ठरतात. उशीची खोळ किंवा खांद्यावरची पिशवी यांवर गणोचा एखादा तुकडा उतरतो, पण तो कोणी कोणासाठी केला, हा प्रश्न मागे राहतो. दुसरीकडे जुने कापड विकत घेणारे व्यापारी तांड्यातांड्यांतून फिरतात. जीर्ण काचळीचे आरशांचे चौकोन कापून त्यांच्या गाद्या-तक्के बनतात. अशा रीतीने परदेशी संग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या वस्तूंवर बहुधा ‘दख्खन’ अथवा ‘मध्य भारत’ एवढीच मोघम चिठ्ठी असते. तांडा, घराणे व करणारीचे नाव त्यांवर नसते.

महत्त्व : बंजारा भरतकामाचा अभ्यास दीर्घकाळ वेशभूषेचे कुतूहल म्हणून झाला. त्यातील आकृतींची संग्रहणे उपयुक्त आहेत. परंतु आकृती ही या कलेची अर्धी बाजू होय. चुंबळीवाचून फुलिया, घड्यावाचून गणो आणि बैलावाचून झूल यांचा अर्थ लागत नाही. वाहणे, झाकणे व देणे या तीन क्रियांसाठी ही वस्त्रे घडली आणि त्या क्रियांच्या नोंदीसह ती जतन केली, तरच त्यांतून इतिहास वाचता येईल. माणिकगडच्या पठारावर व राजुरा-कोरपन्याच्या तांड्यांत ज्यांनी ही वस्त्रे स्वतः शिवली वा आईच्या हातून घेतली, अशा वृद्ध स्त्रियांची पिढी आता मागे सरत आहे. वस्त्र कोणी केले, कोणत्या प्रसंगी केले, टाक्याला गोरबोलीत काय म्हणतात व ते कोणत्या वाटेने या वनात आले, ही माहिती त्यांच्याच मुखातून मिळू शकते. कापड पेटीत आणखी शंभर वर्षे टिकेल. या माहितीला मात्र तेवढा अवधी नाही. ती वेळीच टिपली गेली, तर ज्या इतिहासात आजवर केवळ बैल मोजले गेले, त्यात बैलांमागून डोक्यावर घडा घेऊन चालणाऱ्या स्त्रियांनाही त्यांचे स्थान मिळेल.